भूल चढल्याची वेळ

नांद्रे सर पेशंटच्या पाठीला हात लावण्याआधी स्वतःचे तळवे काखेत धरून गरम करायचे. ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत ओटीत, एसी कायम चालू. पेशंट टेबलाच्या कडेला उघड्या पाठीने बसलेला, पोटाशी उशी धरून, भेदरलेला. आणि त्याच्या मागे हे साठीला टेकलेले उंच गृहस्थ, डोक्यावर हिरवी टोपी, दोन्ही हात काखेत घालून शांत उभे. मी नवीन होते. मला वाटलं सरांना थंडी वाजतेय, म्हणून एसी कमी करायला गेले. त्यांनी मान हलवली.

"राहू दे गं. तो आधीच सुईला भ्यालाय. त्यात गार हात लागला की दचकतो. दचकला की मला मणके सापडत नाहीत."

मग बोटांनी मणके चाचपून जागा ठरवायची, हात धुवायचे, हातमोजे चढवायचे आणि पुढचं काम.

इंदिरानगरमधल्या एका पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलात मी अकरा वर्षं ओटीची सिस्टर होते. नांद्रे सर तिथले भूलतज्ज्ञ. हा शब्द पेशंटच्या तोंडी क्वचितच यायचा. कोणी 'भुलीचे डॉक्टर' म्हणायचं, कोणी 'सुईवाले'. बरं होऊन घरी जाणाऱ्यांचे पेढे सर्जनला मिळायचे आणि सर तोवर दुसऱ्या ओटीत कुणाच्या तरी उशाशी बसलेले असायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, "सर, तुमचं नावसुद्धा कुणी विचारत नाही." ते हसले. "माझं काम नीट झालं तर त्यांना काही आठवतच नाही. त्यात मी कसा आठवेन?"

मूळचे सटाण्याकडचे. घरची डाळिंबाची बाग होती. हंगामात पिशवी भरून आणायचे आणि दोन ऑपरेशनांच्या मध्ये कपडे बदलायच्या खोलीत बसून स्वतः एकेक डाळिंब सोलायचे. दाणे स्टीलच्या डब्यात. साल वर्तमानपत्रावर. एकही दाणा फुटायचा नाही. "मावशी, मामा, सगळ्यांनी घ्या," म्हणून डबा झाडूवाल्या मावशींपासून फिरायला लागायचा आणि मोठ्या डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर तळाला जायचा. टेबलावरची पेशंट त्यांच्याच भागातली, बागलाणातली निघाली की सरांची बोली पालटायची. "तुनं नाव काय शे, माय?" असं कानाशी आलं की ती बाई भीती विसरून मान वळवून त्यांच्याकडे बघायची. डॉक्टर अहिराणी बोलतो यावर तिचा विश्वासच बसायचा नाही.

बाकी सगळ्या बाबतीत ऐसपैस असलेला हा माणूस शब्दांच्या बाबतीत मात्र कडक होता. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, 'पेशंटला बेशुद्ध केले.' त्यांनी लाल पेनाने 'बेशुद्ध' खोडलं.

"बेशुद्ध माणूस मोटरसायकलवरून पडला की होतो. आपण कुणाला बेशुद्ध करत नाही. आपण भूल देतो."

"एकच ना सर ते?"

"एकच कसं? बेशुद्ध झालेल्याची वाट बघावी लागते, कधी शुद्धीवर येतो म्हणून. भूल मी देतो, ती किती वेळ राहणार हे मला माहीत असतं, आणि ती उतरेपर्यंत मी उशाशी बसलेला असतो. तुला भूल दिली आणि मी निघून गेलो, तर ती भूल नाही. तो गुन्हा आहे."

तसंच 'बधिर' या शब्दाचं. पाय, हात, एखादी जागा बधिर करायची असेल तर 'बधिर करणे'. झोपवायचं असेल तर 'भूल देणे'. नुसती डुलकी आणायची असेल तर 'गुंगी'. पाठीतली सुई दिली की कमरेखालचं अंग बधिर होतं आणि माणूस जागा असतो. पण लोक त्यालाही भूलच म्हणतात, म्हणून सरांनी तिथे हार मानून भूल हा शब्द मान्य केला होता. एकदा पेठकडचे एक आजोबा आले होते, पायाला मोठं गळू झालेलं. आमच्या तरुण सर्जनने त्यांना घाईघाईत सांगितलं, "आजोबा, तुमचा पाय बधिर करणार आहोत." आजोबा उठून बसले.

"बधिर म्हंजी बहिरा ना? मला नाय व्हायचं बहिरं. दुखतोय पाय, आन् तुम्ही कान कशाला घालवता?"

ओटीत सगळे हसले. सर हसले नाहीत. ते स्टूल ओढून आजोबांच्या शेजारी बसले.

"बरोबर बोललात बाबा. बधिर म्हणजे बहिराच. पण कान नाही, पाय बहिरा करायचाय. मग मी त्याला चिमटा काढीन आणि त्याला ते ऐकूच येणार नाही."

आजोबांनी पायाकडे पाहिलं. "पायाला ऐकू येनार नाय?"

"नाही."

"मंग करा."

संध्याकाळी सर वॉर्डात गेले तेव्हा आजोबा आपल्याच मांडीवर टिचक्या मारत सुनेला सांगत होते, "बघ, आजून नाय ऐकत."

सरांची दुसरी सवय म्हणजे ते पेशंटला कधीही 'काही दुखणार नाही' असं म्हणायचे नाहीत. आम्ही सगळे म्हणतो. आई मुलाला म्हणते, सिस्टर पेशंटला म्हणते, ते तोंडात बसलेलं असतं. सर म्हणायचे, "टोचेल. पाच मोजेपर्यंत दुखेल. मग पाय जड होतील, मुंग्या येतील. मी मोजतो, तुम्ही माझ्याबरोबर मोजा." आणि खरोखर मोजायचे. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेणाऱ्या एक शिक्षिका मला नंतर म्हणाल्या होत्या, "आयुष्यात पहिला डॉक्टर भेटला, ज्याने सांगितलं तेवढंच दुखलं."

ओटीचं रजिस्टर आमच्याकडे मराठीत होतं, तेही सरांच्या हट्टापायी. त्यात त्यांनी स्वतः रकाने आखून घेतले होते. 'भूल दिल्याची वेळ' आणि त्याच्या शेजारी 'भूल चढल्याची वेळ'. मी विचारलं होतं, दोन वेगळे रकाने कशाला? त्यांनी मला समोर बसवलं.

"दिली हे मी सांगू शकतो. औषध माझं, सुई माझी. पण चढली का नाही, ते फक्त पेशंट सांगू शकतो. म्हणून दुसरा रकाना त्याला विचारल्याशिवाय भरायचा नाही. गार कापूस लावून विचारायचं, गार लागतंय का? तो नाही म्हणाला की घड्याळ बघायचं आणि लिहायचं."

"आणि नाहीच चढली तर?"

"तर तसं लिहायचं. दिली, चढली नाही. लाज कसली? शंभरातल्या एखाद्याला नाही चढत. लाज तेव्हा, जेव्हा चढली नाही आणि आपण चढली म्हणतो."

हे नुसतं बोलणं नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत झालेली गोष्ट सांगते. माझे पप्पा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना हर्नियाचा त्रास सुरू झाला. ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात ठरलं. सकाळची वेळ. सरांनी पाठीत सुई दिली, पप्पांना निजवलं, कापूस लावला. पप्पा म्हणाले, "गार लागतंय." पाच मिनिटांनी परत लावला. "लागतंय." बाहेरून आलेले मोठे सर्जन हात धुऊन, हात वर धरून उभे होते. त्यांना दुसऱ्या हॉस्पिटलात जायचं होतं.

"सर, थोडं जाणवलं तरी चालतं हो. कारखान्यातला माणूस आहे, सोसेल."

नांद्रे सर पप्पांच्या आणि सर्जनच्या मध्ये येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"चढली नाही. हात लावू नका."

पंचवीस मिनिटं सगळी ओटी थांबली. सर्जन स्टुलावर बसून राहिले. सरांनी पुन्हा तळवे गरम केले, पुन्हा पाठ चाचपली, पुन्हा सुई दिली. रजिस्टरमध्ये माझ्याकडून लिहून घेतलं: दिली, चढली नाही, पुन्हा दिली, चढली. चारही नोंदी, घड्याळातल्या वेळेसकट. पप्पांना त्यातलं एकच कळलं होतं. घरी ते आईला सांगत होते, "तो मोठा डॉक्टर मला सोसेल म्हणत होता. पण मनीषाचे सर म्हणाले, हात लावू नका."

त्यानंतर पप्पा त्यांचा उल्लेख 'आपले सर' असा करायचे. आणि मी? मी तर त्यांच्याच तोंडाने बोलायला लागले होते. नव्या मुलींना शिकवताना माझा आवाजसुद्धा त्यांच्यासारखा निघायचा, असं मावशी म्हणायच्या.

रेखा आली ती दुपारी. विंचूरची, चोवीस-पंचवीसची असेल, पहिलं बाळंतपण. नवरा बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या वजनकाट्यावर कामाला. कळा सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि चारच्या सुमाराला बाळाचे ठोके कमी व्हायला लागले. आमच्या मॅडम, म्हणजे हॉस्पिटलच्या मालकीणबाई आणि बाळंतपणाच्या डॉक्टर, म्हणाल्या, "घ्या लगेच. सीझर." तिला धावतच आत आणलं.

सरांनी त्या दिवशीही तळवे गरम केले. त्यातलं काहीही त्यांनी चुकवलं नाही, हे मला सांगितलं पाहिजे. पण रेखा कळांनी तळमळत होती, स्थिर बसत नव्हती. सुई दिली. तिला आडवं केलं. मी रजिस्टरमध्ये दिल्याची वेळ लिहिली, चार वाजून चौदा मिनिटं. सरांनी कापूस लावला.

"गार लागतंय का, माय?"

"लागतंय."

दोन मिनिटांनी पुन्हा. "लागतंय ना. हा, लागतंय."

मशीनवर बाळाचे ठोके हळू हळू पडत होते. ओटीतल्या प्रत्येकाला ते ऐकू येत होते. मॅडम चाकू हातात घेऊन म्हणाल्या, "सर?" सरांनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा रेखाकडे. पूर्ण झोपवायचं तर त्याचाही धोका होता, ती घरून पोहे खाऊन आली होती आणि भरल्या पोटी झोपवलं तर उलटी श्वासात जाऊ शकते. हे सगळं त्यांच्या डोक्यातून एका क्षणात गेलं असणार. ते म्हणाले, "घ्या."

ती किंचाळली. मी तिचा हात धरला होता. ओटीतल्या इतक्या वर्षांत मी तसा आवाज ऐकला नव्हता.

"मला कळतंय! कापताय तुम्ही, मला कळतंय सगळं! थांबा ना ओ, थांबा!"

मी सरांकडे पाहिलं. ते तिच्या कानाशी वाकले. तोच आवाज, तीच माया.

"नाही माय. ओढल्यासारखं वाटतंय तुला. एवढंच. दुखत नाहीये."

कुठल्या पेशंटला त्याला काय वाटतंय हे सरांनी सांगताना मी पहिल्यांदा ऐकलं.

पाचसहा मिनिटं ते चाललं. मग बाळ बाहेर आलं, मुलगी, रडली, आणि सरांनी लगेच शिरेतून औषध देऊन रेखाला गुंगी आणली. ओटी एकदम शांत झाली. बाळ चांगलं होतं. मॅडमच्या कपाळावर घाम होता. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बाळाकडे जा."

बाळाचं सगळं करण्यात माझा तास गेला. परत येऊन रजिस्टर उघडलं. मी 'चढल्याची वेळ' हा रकाना कोरा सोडला होता. तो भरलेला होता. सरांच्या अक्षरात, चार वाजून अठरा मिनिटं. पहिला छेद चार वीसला, तो मीच लिहिला होता. म्हणजे कागदावर सगळं जुळत होतं.

सर कपडे बदलायच्या खोलीत बसले होते. मी रजिस्टर घेऊनच गेले.

"सर, ही वेळ?"

"बाळ रडलं ना?"

"रडलं."

"आई ठीक आहे?"

"आहे."

"मग ठेव ते जागेवर."

मी ठेवलं. हे मी कुणाला सांगत नाही, पण इथे सांगते. मी रजिस्टर जागेवर ठेवलं आणि घरी जाऊन जेवले. मनाशी म्हटलं, घाई होती, बाळ वाचलं, सर उद्या स्वतःच दुरुस्त करतील. लाल पेनाने. जसं माझं करायचे.

त्यांनी केलं नाही.

दीड महिन्याने रेखा आली, नवऱ्याबरोबर, बाळ टॉवेलात गुंडाळलेलं. टाके बघायला नव्हे. मॅडमच्या केबिनमध्ये तिने सरांनाही बोलवायला सांगितलं. मॅडमनी मलाही बोलावून घेतलं. रेखाच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. नवरा दाराजवळ अवघडून उभा होता. त्याला हे सगळं नको होतं हे दिसत होतं.

"मला भांडायचं नाय," ती म्हणाली. "मला काही द्या, असंबी नाय. मला फक्त सांगा. मला त्या दिवशी कळत व्हतं का नव्हतं? घरी समदे म्हणतात, तुला भास झाला, औषधानं होतं तसं. मी म्हणते, झाला असंल. पण हिला अंगावर घेतली का मला पोटात चाकू फिरल्यावानी होतं. मग मी तिला आत्याबाईंकडं देऊन टाकते. लेकरू माझ्याकडं बघत राहातं. तुम्ही डॉक्टर हाये. तुम्ही सांगा, मी येडी झाले का?"

आत्याबाई म्हणजे तिची सासू. बाळाने टॉवेलातून एक हात बाहेर काढला होता. मॅडम टेबलावरचे कागद सारखे करत होत्या.

सर पुढे झाले. तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले, तसेच जवळ, जसे पेठच्या आजोबांच्या शेजारी बसले होते.

"माय, भूल दिली होती तुला. रीतसर. रजिस्टरमध्ये आहे. औषधाने कधी कधी भास होतात, खरे वाटतात. हळूहळू जातील." मग ते माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुम्ही होतात ना तिथे. भूल दिली होती ना?"

एरवी ते मला 'तू' म्हणायचे.

रेखाने माझ्याकडे पाहिलं. मीच तर तिचा हात धरला होता. तिच्या नखांचे व्रण माझ्या मनगटावर चार दिवस होते. तिला ते आठवत असणारच.

"हो सर," मी म्हणाले. "दिली होती."

तिने मान खाली घातली. बाळाचा हात टॉवेलात सरकवला, टॉवेलाची टोकं नीट खोचली. "बरं," म्हणाली. "मग माझंच डोकं फिरलंय." नवऱ्याने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि सरांना हात जोडले. सरांनीही जोडले.

ते गेल्यावर मी सरांच्या मागे जिन्यात गेले. ते खाली उतरत होते. मी वरूनच बोलले.

"सर, तुम्ही मला 'दिली होती ना' असं विचारलंत."

ते थांबले. "हो."

"'चढली होती ना' असं का नाही विचारलंत?"

ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळलेपणाही नव्हता. समजावणी होती, माझ्या पहिल्या आठवड्यातली.

"तुला खोटं बोलावं लागू नये म्हणून, मनीषा."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. त्यांनी विचार केला होता. केबिनमध्ये येण्याआधी, की त्या खुर्चीत बसताना, माहीत नाही. पण शब्द निवडून ठेवला होता. अकरा वर्षांत त्यांनी मला जे शिकवलं होतं, ते मी किती पक्कं शिकलेय यावर त्यांचा पूर्ण भरवसा होता. मी 'दिली' म्हणेन, आणि ते खरं असेल, आणि ती बाई वेडी ठरून घरी जाईल.

"त्यांना काय सांगितलं असतं तर बरं झालं असतं?" ते म्हणत होते. "चढली नव्हती म्हणून? मग मॅडमवर केस, पेपरात नाव, हॉस्पिटल बंद. तुझी नोकरी, मावशींची नोकरी. आणि तिला काय मिळालं असतं?"

"तिने काही मागितलंच नव्हतं सर."

ते खाली उतरून गेले.

मी मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, "रजिस्टर पूर्ण आहे मनीषा, आता हा विषय नको." घरी पप्पांना सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "नाही गं, आपले सर असं करणार नाहीत. तुझा काही तरी गैरसमज झालाय." मला पप्पांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते.

त्या रविवारी मी विंचूरला गेले. बसस्टँडवर उतरून वजनकाट्यावरच्या गणेशचं, म्हणजे रेखाच्या नवऱ्याचं घर विचारलं, एका माणसाने थेट दारापर्यंत सोडलं. अंगणात कांदा पसरला होता. रेखा ओट्यावर बसून लसूण सोलत होती. मला पाहून तिचे हात थांबले.

मी चहासुद्धा होऊ दिला नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. "रेखाताई, तुम्हाला कळत होतं. भूल दिली होती, पण चढली नव्हती. कापताना तुम्ही ओरडलात ते खरं होतं. भास नव्हता. मी तुमचा हात धरला होता."

तिने लसूण बाजूला ठेवला आणि आतल्या दिशेला हाक मारली. "आत्याबाई, हिकडं या."

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"सिस्टर, परत सांगा," रेखा म्हणाली. "यांच्यासमोर सांगा."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्या वेळेपेक्षा ते जड गेलं. सासूबाई ऐकता ऐकता खाली बसल्या. "आगं माय," एवढंच म्हणाल्या. मग उठून आत गेल्या, पाळण्यातून मुलीला उचलून आणलं आणि रेखाच्या मांडीवर ठेवलं. रेखाने तिला घेतलं.

"मी लिहून देते," मी म्हणाले. वहीचं पान फाडून सगळं लिहिलं, खाली नाव आणि सही केली. तिने ते वाचलं, एकेक शब्दावर बोट ठेवून. "कुठं द्यायचं नाय मला हे," ती म्हणाली. "माझ्याजवळ असू द्या."

मला वाटलं, झालं. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटायला लागलं होतं. तेवढ्यात तिने मान वर केली.

"मग त्या दिवशी का नाय बोलल्या तुम्ही?"

मी काय सांगणार? दिली आणि चढली यातला फरक सांगू?

"आन् ते डॉक्टर?" ती म्हणाली. "मला माय म्हटले व्हते ते. तुम्ही कशाला आल्या? त्यांनी यायला पाहिजे व्हतं."

महिनाभराने मी ते हॉस्पिटल सोडलं. आता दुसरीकडे आहे. तिथेही मी नव्या मुलींना शिकवते आणि काय शिकवणार, जे येतं तेच. बेशुद्ध नाही, भूल. काही दुखणार नाही असं म्हणायचं नाही. दिल्याची वेळ वेगळी, चढल्याची वेगळी. एखादी मुलगी विचारते, "ताई, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी म्हणते, होते एक सर. ज्याचा इतका राग येतो, त्याच माणसाचं इतकं सगळं आपल्या हातात राहतं, याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

दोन वर्षांनी ते मला दिसले. इंदिरानगरच्या भाजीबाजारात, सकाळी. निवृत्त झाले होते. पाठ थोडी वाकली होती. मेथीच्या जुडीतली पिवळी पानं खुडत उभे होते आणि भाजीवाली त्यांना "बाबा, घरी जाऊन निवडा ना" म्हणून रागावत होती. मी वळून जाणार होते, पण त्यांनी पाहिलं.

"मनीषा."

मी थांबले.

"पप्पा कसे आहेत?"

"बरे आहेत."

भाजीवालीने जुडी पिशवीत टाकली. ते हळू आवाजात म्हणाले, "विंचूरला गेली होतीस ना?"

त्यांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही. कदाचित कुणीच नाही. ते मला ओळखत होते.

"गेले होते."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुम्ही कशाला आलात. त्यांनी यायला पाहिजे होतं."

त्यांनी हे ऐकलं. बाजूने एक हातगाडी गेली, तिला वाट देण्यासाठी ते एक पाऊल मागे सरकले आणि पुन्हा पुढे आले. डोळे ओले होते की उन्हाने तसे दिसत होते, सांगता येणार नाही.

"पत्ता आहे?" त्यांनी विचारलं.

मी पर्समधून एक जुनी पावती काढली. तिच्या मागे गणेशचं नाव, बाजार समितीजवळची गल्ली, ओळखीची खूण असं सगळं लिहिलं. त्यांनी चष्मा वर करून ते नीट वाचलं, दोन घड्या घातल्या, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं.

"रविवारी जातो," ते म्हणाले. "सकाळच्या बसनेच जातो."

मग मेथीची पिशवी घेऊन गर्दीतून हळूहळू निघून गेले. कोपऱ्यावर पोचल्यावर त्यांनी खिशावर हात ठेवून पाहिला, कागद आहे ना म्हणून. मी ते पाहिलं. मला इतकं हलकं वाटलं की लागत नसताना मी दोन जुड्या मेथी घेतली. घरी येऊन पप्पांना सांगितलं, "सर जाणार आहेत रविवारी." पप्पा म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?"

रविवार गेला. मी सोमवारी, मंगळवारी थांबले. बुधवारी दुपारी रेखाला फोन लावला, विंचूरला गेले तेव्हा तिचा नंबर घेतला होता. मुलीचं विचारलं, अंगणवाडीचं विचारलं. मुलगी मागे ओरडत होती, तिला फोनवर बोलायचं होतं. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "रविवारी कोणी आलं होतं का गं तुमच्याकडे?"

"नाय," रेखा म्हणाली. "का? कोण येणार व्हतं?"

"कोणी नाही," मी म्हणाले.